माया

फुटबॉलचा सामना बघताना माझे हात काय करतात हे मला आईने दाखवून दिलं. सोफ्याच्या कडेची शिवण एका जागी उसवली होती आणि दर आठवड्याला ती बोटभर पुढे सरकत होती. कापड जुनं झालं असेल असं तिला वाटलं. मग एका संध्याकाळी ती टीव्हीकडे न बघता माझ्याकडेच बघत बसली आणि शेवटची शिट्टी झाल्यावर म्हणाली, "अरे, तो दोरा तूच ओढतोयस."

खरं होतं ते. नव्वद मिनिटं माझे डोळे पडद्याला खिळलेले असतात, घसा कामाला लागलेला असतो, हात मात्र रिकामे. मैदानावरच्या माणसाला काहीतरी करता येतं. रेषेबाहेर उभ्या प्रशिक्षकालाही निदान हातवारे करता येतात, खेळाडू बदलता येतो. आपण काय करायचं? टाळ्या वाजवायच्या, पण त्याही जे घडायचं ते घडून गेल्यावर. या संघासाठी मी किती रात्री जागलो, कितीदा भरल्या ताटावरून उठलो, याचा हिशेब नाही. पण माझ्या हातांनी त्याच्यासाठी कधी काही केलं नव्हतं, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवलं.

"हाताला काहीतरी काम दे," असं म्हणून आई उसवलेली शिवण घालायला बसली. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. "मला टोपी शिवायला शिकवशील?" मी विचारलं. तिने मान वर केली नाही. "कुणासाठी?" म्हणाली. मी म्हणालो, "संघासाठी." हे उत्तर तिला पुरलं असावं, कारण तिचा पुढचा प्रश्न होता, "कापड कुठलं घेणार?"

विकतची टोपी माझ्याकडे होती. छान होती. पुढे संघाचं चिन्ह होतं, मशीनवर भरलेलं, टाक्याला टाका जुळलेला. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त ती माझ्याकडे आली तेव्हाच पूर्ण झालेली होती. मी करावं असं तिच्यात काही उरलेलंच नव्हतं.

टोपीचं मनात भरल्यावर मी जगभरच्या चाहत्यांच्या टोप्यांची माहिती जमवू लागलो. त्यात दक्षिण आफ्रिकेतली मकारापा मला सगळ्यात जवळची वाटते. १९७९ साली अल्फ्रेड बलोयी नावाचा एक फुटबॉलवेडा सामना बघायला गेला होता. तिथे कुणीतरी भिरकावलेली बाटली एका प्रेक्षकाच्या डोक्याला लागलेली त्याने पाहिली. तेव्हापासून तो कामावर घालायचं प्लॅस्टिकचं हेल्मेट घालून सामन्याला जाऊ लागला. नुसतं हेल्मेट किती दिवस घालणार? त्याने ते आपल्या संघाच्या, कायझर चीफ्सच्या, सोनेरी आणि काळ्या रंगांत रंगवलं. मग कापलं. हेल्मेटच्या कवचाचे काप काढून ते वर वाकवले, त्यांवर चिन्हं आणि चेहरे रंगवले. कामाला गाव सोडून शहरात आलेल्या मजुरांना तिकडे मकारापा म्हणत. त्यांच्या डोक्यावरच्या हेल्मेटलाही तेच नाव पडलं होतं. २०१०च्या विश्वचषकात साऱ्या जगाने या टोप्या पाहिल्या. मी मात्र विचार करतो तो बलोयीच्या पहिल्या कापाचा. धडधाकट, कामाचं हेल्मेट समोर आहे, आणि ते चिरायचंय. एकदा चिरलं की कामावर ते पुन्हा घालता येणार नाही. संघावरचा जीव म्हणजे काय, हे मला त्या एका कापात दिसतं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात दूधदुभतं फार, म्हणून शेजारच्या इलिनॉयचे लोक तिथल्यांना चिडवायला 'चीजहेड' म्हणत. १९८७ साली राल्फ ब्रूनो या तरुणाने ती चेष्टा उचलली आणि डोक्यावरच घेतली. आईच्या सोफ्यातला फोम काढून त्याने चीजच्या तुकड्यासारखी तिकोनी टोपी कापली, पिवळी रंगवली आणि मिलवॉकी ब्रूअर्सच्या बेसबॉल सामन्याला घालून गेला. (सोफा तिथेही आलाच. हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती उठून आमच्या सोफ्यावर जाऊन बसली.) पुढे ही टोपी ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चाहत्यांची ओळख झाली. १९९५ मध्ये सामना बघून छोट्या विमानाने परतणाऱ्या एका चाहत्याचं विमान कोसळलं. त्याने पडता पडता ही फोमची टोपी चेहऱ्यापुढे धरली आणि तो वाचला.

कॅनडातल्या सस्कॅचवान रफरायडर्स या कॅनेडियन फुटबॉल संघाचे चाहते तर कलिंगड कोरून त्याचंच शिरस्त्राण करतात, कारण संघाचा रंग हिरवा. बेसबॉलमध्ये आणखी एक रीत आहे, 'रॅली कॅप'. संघ मागे पडला आणि सामना संपत आला की नशीब पालटावं म्हणून चाहते टोपी आतली बाहेर करून घालतात. १९८६च्या न्यूयॉर्क मेट्सच्या विजयामुळे ती फार गाजली.

या सगळ्यांत मला एक गोष्ट दिसली. टोपी नेहमी घरात जे असेल त्यातून सुरू झाली आहे. म्हणून मीही आईच्या कपाटातली एक जुनी पांढरी चादर मागून घेतली, वर्षानुवर्षं धुऊन मऊसूत झालेली. लाल कापड घरात नव्हतं, ते नवीन आणलं. आमच्या संघाचे रंग लाल आणि पांढरा. लालमध्येही गर्द लाल, विटकरी नाही, राणीही नाही. त्या छटेसाठी मी कापडं उजेडात नेऊन नेऊन बघितली.

टोपी बादलीच्या आकाराची करायची ठरली. तीनच भाग : माथ्याचं वर्तुळ, त्याभोवती उभी पट्टी आणि खाली काठ. माथा आणि काठ लाल, पट्टी पांढरी, आतलं अस्तरही पांढरं. भुवयांच्या बोटभर वरून आणि कानांच्या वरून टेप फिरवला तर माझ्या डोक्याचा घेर ५७ सेंटीमीटर भरला. एक सेंटीमीटर सैल धरून ५८. आता ५८ परीघ असलेल्या वर्तुळाची त्रिज्या किती? शाळेत हे गणित मी शेकडो वेळा केलं असेल, पण उत्तर कात्रीने कापायचं कधी नव्हतं. सव्वानऊ सेंटीमीटर. खडूला दोरा बांधला, वर्तुळ काढलं, कापलं. सुबक झालं होतं. मी ते आईला दाखवलं.

तिने ते हातात घेऊन फिरवलं. "माया कुठे सोडलीस?"

शिवणीसाठी कडेला सोडायचं जे जास्तीचं कापड, त्याला शिवणकाम करणारे माया म्हणतात. लहानपणापासून हा शब्द मी त्या अर्थाने ऐकत आलोय. "ब्लाउजला आत माया आहे, उसवून सैल कर." "पोर वाढतंय, माया भरपूर ठेव." तरी कापताना विसरलो. एक सेंटीमीटर तर होता, त्याने काय मोठं बिघडणार, असं मला वाटलं आणि मी हट्टाने तेच वर्तुळ पट्टीला टाचायला घेतलं. अर्ध्यात आल्यावर कळलं. शिवण कडेपासून एक सेंटीमीटर आत जाते, म्हणजे खरी त्रिज्या उरते सव्वाआठ आणि परीघ ५२च्याही आत. त्रिज्येत एक गेला की घेरात सहा जातात. पट्टीचं सहा सेंटीमीटर कापड कुठेच बसायला जागा नसल्यासारखं चुण्या घालून उभं होतं.

आई काही बोलली नाही. उसवायची छोटी कात्री तिने माझ्या बाजूला सरकवून ठेवली.

दुसरं वर्तुळ सव्वादहाचं कापलं. वर्तुळ सरळ पट्टीला जोडायचं तर पट्टीच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर कट मारावे लागतात, म्हणजे कड उघडते आणि वळणावर बसते. मी कट मारताना आईने माझं मनगट धरलं. "शिवणीपर्यंत नेऊ नकोस. निम्म्यावर थांब." का, ते तिने तेव्हा सांगितलं नाही. तिच्या हाताला ते ठाऊक होतं आणि विचारलं असतं तर कदाचित तिलाही सांगता आलं नसतं.

काठ मला सगळ्यात आवडला. रुंदी सहा सेंटीमीटरच ठेवली, कारण मागे बसलेल्यालाही सामना दिसला पाहिजे. याबाबतीत मी ठाम आहे. दोन लाल थरांच्या मध्ये कॅनव्हास घातला आणि वरून गोल गोल टीप मारली, एकीच्या बाहेर दुसरी, पाऊण सेंटीमीटर अंतर सोडून, आठ फेऱ्या. कडक काठ हवा असेल तर कापड जाड घेऊन चालत नाही, त्या फेऱ्याच त्याला ताठ करतात. आतली फेरी ५८ सेंटीमीटरची, बाहेरचा घेर ९६च्या आसपास. सगळी मिळून सहा मीटर शिवण झाली. पायाच्या मशीनवर ही टीप मारताना वेग वाढवून चालत नाही. डाव्या हाताने कापड वळवत राहायचं, उजव्या हाताने नुसता आधार द्यायचा, आणि नजर सुईवर ठेवायची नाही. नजर ठेवायची ती दाबपट्टीच्या कडेवर, आधीची फेरी तिला समांतर चालतेय ना यावर. तिसऱ्या फेरीनंतर कापडाने अंग धरलं. पाचव्या फेरीला मी काठ एका बोटावर तोलून धरला, तर तो वाकला नाही. मी हाक मारून आईला बोलावलं.

संघाचं चिन्ह मी मुद्दाम घेतलं नाही. ते त्यांचं आहे, आणि हाताने केलेली त्याची नक्कल कधी धड उतरत नाही. पांढऱ्या पट्टीवर मी लाल कापडाच्या अकरा तिरप्या पट्ट्या शिवायचं ठरवलं, खेळाडूगणिक एक. ५८ला ११ने नीट भाग जात नाही, म्हणून गोलरक्षकाची पट्टी जरा रुंद केली आणि मागच्या जोडावर बसवली. त्याचं कामही तेच, जिथे फट आहे तिथे उभं राहायचं.

या पट्ट्या हाताने लावायच्या होत्या, काजटाक्याने. एका सामन्यात एक. हाताला काम हवं होतं ते असं मिळालं.

पहिल्या सामन्यात सुई बोटात गेली. दुसऱ्यात मान खाली असताना गोल हुकला. पण हळूहळू एक वेगळीच गोष्ट झाली, मी सामना ऐकायला लागलो. गोल व्हायच्या आधी गर्दीचा आवाज कसा बदलतो हे इतकी वर्षं डोळ्यांनी बघताना मला कधी ऐकू आलं नव्हतं. आधी एक गुणगुण असते. मग चेंडू पुढे सरकतो तसा तो आवाज खालून वर चढत जातो, आणि फटका मारायच्या क्षणी हजारो माणसं एकदम श्वास आत घेतात. अगदी अर्धा क्षण शांतता असते. त्या अर्ध्या क्षणात मी मान वर करायला शिकलो. सुई तशीच कापडात, टाका अर्धा. अकराव्या सामन्यापर्यंत माझा एकही गोल हुकेना.

टाके सारखे नाहीत. पेनल्टीच्या वेळचे टाके दाट आहेत, एकमेकांना खेटलेले. चौथ्या पट्टीवर टाके लांब लांब आहेत. त्या दिवशी आम्ही तीन गोलांनी पुढे होतो.

टोपी झाली त्या रात्री मी आइस हॉकीचा विचार करत होतो. एका खेळाडूने तीन गोल केले की तिथले चाहते आपापल्या टोप्या बर्फावर फेकतात. एरवी मैदानात वस्तू फेकल्यावर दंड होतो, पण या एका कारणासाठी नॅशनल हॉकी लीगच्या नियमांतच सूट आहे. हॅट्ट्रिक हा शब्द मात्र क्रिकेटचा. १८५८ साली शेफील्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफनसनने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, तेव्हा लोकांनी पैसे गोळा करून त्याला टोपी घेऊन दिली. म्हणजे आधी टोपी खेळाडूला द्यायची, आणि आता त्याच्यासाठी डोक्यावरची काढून फेकायची. मी ही फेकली असती का? शिवायच्या आधी विचारलं असतंत तर हो म्हणालो असतो. आता नाही. आनंदाच्या भरात विकतची टोपी सोडून देणं मला समजतं, सुंदरच वाटतं ते. पण या टोपीत अकरा सामने आहेत आणि आईने धरलेलं मनगट आहे. तीन गोल करणाऱ्याला मी ती दुरून दाखवीन, दोन्ही हातांनी उंच धरून.

पहिल्यांदा ती घालून मैदानावर गेलो आणि पाऊस आला.

फुटबॉल पावसाने थांबत नाही. टोपी काढून पिशवीत घालावी असं एकदा मनात आलं, पण आसपास सगळे तसेच बसलेले. पूर्वार्धातच लाल रंग सुटायला लागला. काठावरून खांद्यावर थेंब पडत होते, ते गुलाबी. शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही गोल खाल्ला आणि हरलो. घरी येऊन टोपी वाळत घातली. सकाळी ती डोक्यात जाईना.

नवीन कापड शिवण्याआधी धुऊन आटवून घ्यायचं असतं. हे आईने मला सांगितलं होतं. मी छटा शोधण्यात इतका दंग होतो, आणि ती सापडल्यावर इतका अधीर, की एक रात्र थांबलो नाही. लाल माथा आणि लाल काठ आटले होते. जुन्या चादरीची पांढरी पट्टी मात्र तशीच होती. तिचं आटायचं कधीच आटून झालेलं. त्यामुळे ती मधल्यामध्ये गोळा होऊन फुगली होती आणि अकराही पट्ट्यांच्या कडेला गुलाबी ओघळ उतरले होते. मी टोपी घेऊन आईसमोर जाऊन बसलो. मला खूप वाईट वाटलं होतं, आणि या वयात टोपीसाठी डोळ्यांत पाणी यावं याचं मला काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तिने टोपी उलटी केली. अस्तर बाजूला सारून शिवणीवर अंगठा फिरवला. "माया आहे ना," ती म्हणाली.

माथ्याची शिवण आम्ही दोघांनी मिळून उसवली, एका टोकाने ती, दुसऱ्या टोकाने मी. मग तीनच मिलीमीटर बाहेरून नवी शिवण घातली. त्रिज्येत तीन मिलीमीटर म्हणजे घेरात जवळजवळ दोन सेंटीमीटर. एका सेंटीमीटरने जे गणित माझ्यावर उलटलं होतं, तेच आता माझ्या बाजूने उभं होतं. कट शिवणीपर्यंत नेले असते तर हे जमलं नसतं. नवी शिवण नेमकी त्या कापांतून गेली असती. ते निम्म्यावर थांबवले होते म्हणून तिला धरायला अखंड कापड मिळालं. काठाचंही तसंच केलं. आईने माथा हाताने शिवला, पांढऱ्या दोऱ्याने, कारण लाल रीळ संपलं होतं. आत जुन्या शिवणीच्या भोकांची एक गोल रांग राहिली आणि तिच्या शेजारून आईचे पांढरे टाके. गुलाबी ओघळ राहू दिले. टोपी डोक्यात बसली, पहिल्यापेक्षा बरी.

पुढच्या सामन्याला आई माझ्यासोबत आली. आयुष्यात पहिल्यांदा. तिला ऑफसाइड समजत नाही आणि समजून घ्यायचंही नव्हतं. तिने पूर्ण पूर्वार्ध आसपासच्या टोप्या बघण्यात घालवला, "त्या पोराच्या टोपीला अस्तर नाही बघ," असं मला सांगत. उत्तरार्धात आम्ही एका गोलाने मागे पडलो. दहा मिनिटं उरली, मग सात. गर्दीची गुणगुण विझत चालली होती.

मी टोपी काढली, अस्तर बाजूला सारून आतली बाहेर केली आणि पुन्हा डोक्यावर घातली.

"अरे, हे काय?" आई म्हणाली. तिने हात वर करून कड चाचपली. "सगळी माया बाहेर दिसतेय."

"दिसू दे," मी म्हणालो. खाली आम्हाला कॉर्नर मिळाला होता, आणि आवाज पुन्हा चढायला लागला होता.